नागभीडातलं बिकानेर

नागभीडात गच्चीचं घर एकच होतं आणि त्यातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली. बाकी सगळं गाव कवेलूचं, म्हणजे कौलारू. मी यवतमाळकडची, मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. शाळेच्या मोठ्या बाईंना म्हटलं, राहायला कुठं बरी जागा असेल तर सांगा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाले पक्कं घर पायजे का सुकं?" मला प्रश्नच कळला नाही. पक्कं, म्हणून मी मोकळी झाले. आषाढ लागला तेव्हा प्रश्न कळला.

घरमालक बिकानेरचे. म्हणजे जन्मानं नव्हे. जन्म नागपूरचा, पण ऐन उमेदीची सगळी वर्षं बिकानेर संस्थानात बांधकामावरचे ओव्हरसीअर म्हणून गेली. संस्थानं गेली, खाती इकडची तिकडे झाली, तेव्हा मुदतीआधीच पेन्शन घेऊन ते बायकोच्या माहेरगावी आले आणि सासऱ्यांनी दिलेल्या जागेवर त्यांनी घर बांधलं. गाव त्यांना 'बिकानेरवाले भाऊ' म्हणायचं. खऱ्या आडनावानं आलेलं टपाल घेऊन पोस्टमन आधी चार घरं फिरायचा आणि मग कपाळाला हात लावून आमच्याकडे यायचा.

बिकानेरात म्हणे सगळी घरं सपाट गच्चीची. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात, हिवाळ्यात गच्चीवर ऊन खातात, बायका तिथंच पापड वाळवतात आणि शेजारणीशी भांडायचं झालं तरी गच्चीवरूनच. गच्ची नाही ते घर नाही, असं भाऊंच्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्यांनी नागपूरहून गवंडी आणले, चुना मळवून घेतला, स्वतः उन्हात उभं राहून थरावर थर ठोकून घेतले. बिकानेरात वर्षाकाठी पाऊस येतो तो शिंक आल्यासारखा, आणि नागभीडात तो आषाढात बसला की भाद्रपदातच उठतो, एवढा एक बारकावा तेवढा नजरेतून सुटला. गच्चीला उतार दिला होता, नाही असं नाही. पण तो बिकानेरी उतार होता.

वैशाखात सगळं गाव छपरावर चढायचं, कवेलू फेरायला. फुटकी काढायची, नवी बसवायची, उंदरांनी सरकवलेली नीट लावायची. त्या दिवसांत भाऊ गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि शेजारच्या छपरावर वाकलेल्या माणसाला म्हणायचे, "दरसाल करता हे? मी एकदा बांधलं, झालं." शेजारी नुसता हसायचा. पुढं पावसाळ्यात तोच शेजारी आपल्या सुक्या ओसरीत चिलीम ओढत आमच्या घरातले आवाज ऐकायचा. गंजात टप्प, बादलीत टण्ण, परातीत फट्ट. एकदा मी पोरींच्या तपासायच्या वह्या छातीशी धरून कोरडा कोपरा शोधत होते, तर भाऊ माझ्या दारात छत्री उघडून उभे. अंगणात नव्हे, घरात. म्हणाले, "मास्तरीणबाई, एक गोष्ट ध्यानात ठेवा. छत गळून नाई राह्यलं. पाऊस जास्ती आहे."

दुसरी तक्रार झाडांबद्दल. झाडं मधे येतात, असं त्यांचं म्हणणं. "बिकानेरात पाहुणा येऊन राह्यला तर घटकाभर आधी दिसते," ते सांगायचे. "पहिले ठिपका दिसते. मग उंट दिसते. मग उंटावरचा माणूस दिसते. मग समजते, हा तर मेहुणा आहे. तोवर डाळ शिजून होते. आणि इथी? इथी पाहुणा झाडातून निघाला का थेट चुलीपाशी!" एकदा त्यांनी फॉरेस्टच्या साहेबाला रस्त्यात गाठून अगदी गंभीरपणे विचारलं होतं की गाव आणि टेकडी यांच्यामधलं रान जरा विरळ करता येईल का, म्हणजे माणसाला थोडं दूरवर बघता येईल. त्या भल्या माणसानं वाघाच्या, अस्वलाच्या, रानडुकराच्या तक्रारी ऐकल्या होत्या. सागाविरुद्ध तक्रार पहिलीच असावी.

पाण्याची मात्र त्यांना चेष्टा चालत नसे. कुणी तांब्या लवंडला की त्यांच्या तोंडून "राम राम राम" निघायचं. आंघोळ ते मोठ्या परातीत बसून करायचे आणि परातीतलं पाणी मोगऱ्याला घालायचे. अंगणात जमिनीखाली त्यांनी तिकडच्या पद्धतीचं टाकं बांधून घेतलं होतं, गच्चीवरचं पाणी त्यात उतरायचं. वर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. तिकडे म्हणे घर उघडं टाकतात पण पाण्याला कुलूप घालतात. गावाला याचं फार नवल. चारी बाजूंनी तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, बांध्यांतून धान पाण्यात उभं, आणि या एका घरात पाणी कुलपात. पहिल्याच श्रावणात टाक्यात बेडूक शिरले. वर कुलूप आणि आत भजन. चावी भाऊंच्या करदोड्याला. शेजारचा तो चिलीमवाला रोज कुंपणाशी येऊन विचारायचा, "भाऊ, कैद्यायले जेवण देल्लं का?"

आता एवढं सगळं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, की मग जात का नाहीत परत? तोच तर त्या घरातला रोजचा खटला होता.

खटला म्हणजे खरंच खटला. ओसरीत बसायला दोन जागा होत्या. एक मुढा, सरकंड्याचा, गोल, बिकानेरहून आणलेला. दुसरी बंगई, सागाच्या फळीची, साखळ्यांना टांगलेली, सासऱ्यांनी दिलेली. जावं की राहावं याचा विचार भाऊ एका जागी बसून करत नसत. मुढ्यावर बसले की बिकानेरची बाजू मांडायचे. कोरडी हवा, खोकल्याचं नाव नाही, पापड आषाढातही कुरकुरीत, आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसं बोलायला गोड. ते संपलं की उठायचे आणि बंगईवर बसून नागभीडची बाजू घ्यायचे. दोन्ही पक्षांना सारखा न्याय, असा त्यांचा दावा. फक्त मुढ्यावरचे भाऊ तासभर बोलत, आणि बंगईवरचे भाऊ, "तांदूळ चांगला आहे. मासे, खाणाऱ्याले, चांगले आहेत. स्टेशन जवळ आहे," एवढं सांगून एक झोका घेत आणि परत मुढ्यावर जात. माझ्या वर्गातल्या पोरी रस्त्यानं जाताना एकमेकींना चिमटे काढायच्या, "भाऊ मुढ्यावर हायेत, लवकर चाल, नाईतर उंट आयका लागन!"

निकाल दरवेळी जायच्या बाजूनं लागायचा आणि तारीख पुढं पडायची. पावसाळ्यात सामान भिजेल, दिवाळीनंतर जाऊ. दिवाळीनंतर घरचं थोडं धान निघायचं असे. धान निघालं की म्हणत, आता तिकडे थंडी, हाडं गोठतात. होळी झाली की म्हणत, आता तिकडे लू सुरू होईल, अंग भाजून निघतं. बिकानेर असं गाव होतं की तिथं राहायला बारा महिने उत्तम आणि जायला एकही महिना चालत नसे. एका वर्षी तर ते गावभर निरोप घेऊन आले होते. शाळेत आम्ही हार घातला, पोरींनी गाणं म्हटलं, भाऊंनी डोळे पुसले. नंतर महिनाभर ते आमच्या मोठ्या बाईंना चुकवून दुसऱ्या गल्लीनं बाजारात जात होते.

वहिनी या सगळ्यात काय करायच्या? त्या ऐकायच्या. लहानखुऱ्या, चटपटीत, हाताला सतत काम. भाऊ मुढ्यावर असले की त्या आतून तांदूळ निवडता निवडता मधेच भर घालायच्या.

"त्या उंटाचं नाव नाई सांगतलं तुमी."

"कोणत्या उंटाचं?"

"जो आपल्या दारासमोर बसला त उठेच ना तो. जमादार."

"हां! जमादार!" आणि भाऊ जमादार उंटावर आणखी पाव तास.

मला वाटायचं, या बाईचाही जीव तिकडेच अडकलाय. माहेरच्या गावात राहून नवऱ्याच्या नोकरीच्या गावाची अशी खडान् खडा आठवण ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती. दोघंही एक दिवस खरंच उठून जातील आणि मला सुकं घर शोधावं लागेल, असं मी गृहीत धरलं होतं.

माझी ही समजूत वैनगंगेच्या पात्रात मोडली.

होळीच्या सुट्टीत भाऊ दरसाल रेल्वेच्या छोट्या गाडीनं वडशाला जायचे. कुणाकडे नाही. वाळू पाहायला. तिथं उन्हाळ्यात नदी एका कडेला सरकून बसते आणि एवढं मोठं पात्र मोकळं पडतं. त्या वर्षी वहिनींनी मलाही ओढून नेलं. भरदुपारी मी चपला घालूनही नाचत होते आणि भाऊ अनवाणी, हात मागं बांधून, बागेत फिरावं तसे वाळूत फिरत होते. मग सरळ आडवे झाले. टोपी डोळ्यांवर, चेहऱ्यावर असं समाधान, की बघून बरं वाटावं. पात्रात टरबुजांच्या वाड्या होत्या. एका वाडीवाल्या ढिवराला वाटलं माणसाला ऊन लागलं, म्हणून तो बिचारा टरबूज फोडून धावत आला. भाऊंनी एक फोड खाल्ली, विचार केला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण पाणी फार आहे यात." आमच्या बिकानेरचा मतीरा कसा, हे त्याला मग तिथं उन्हात बसून ऐकावं लागलं.

वहिनी आणि मी पाण्याच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. लहान लहान मासोळ्या त्यांच्या बोटांशी येत होत्या. मी आपली सहज म्हणाले, "तुम्हालाही आठवत असेल नाही फार, बिकानेर?"

त्या हसल्या. "आठवते न. कशी नाई आठवणार? पोळीत रेती, डोक्यात रेती, अंथरुणात रेती. लगन होऊन गेली तवा पैल्या दिवशी मी शेजारणीले इचारलं, बाई, तलाव कुठी हाय? ते हसून हसून बेजार. मंग मी काय करो, हे कामावर गेले का टाक्याचं कुलूप उघडो अन् आत पाह्यत बसो. पाणी पाहाले, बस. कोणी आलं त झाकण लावून टाको."

"भाऊंना सांगितलं नाही कधी?"

"त्यायले कायले सांगाचं? त्यायले तिथी लय आवडे. तिथी एक दिवस आवडलं नाई मले, बाई. एक दिवस. पण तुमी सांगजा नोका."

मला त्या क्षणी भाऊंचा असा राग आला की वाळूत पडलेल्या त्यांच्या टोपीवर पाय द्यावासा वाटला. इतकी वर्षं तिथं काढून ही बाई आपल्या गावी, आपल्या पाण्यापाशी आली, आणि हा माणूस रोज संध्याकाळी तिला पुन्हा त्या रेतीत न्यायची भाषा करतोय. आणि तीही बसते तांदूळ निवडत, उंटाचं नाव आठवून देत! त्या दिवसापासून मी खटल्यात मनानं बंगईच्या बाजूला गेले. मुढा करकरला की मी उठून माझ्या खोलीत जायचे.

त्याच वैशाखात बिकानेरहून पाहुणा आला. भाऊंचा तिकडचा शेजारी, बिडीपत्त्याच्या ठेक्याच्या कामानं चांदा जिल्ह्यात उतरलेला. भाऊ स्टेशनवर धावत गेले ते एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घालून. पाहुण्याशी वहिनी मारवाडीत अशा फडाफडा बोलल्या की मी बघतच राहिले. कुणाच्या मुलीचं लग्न झालं, कुणाची सासू गेली, सगळं विचारून घेतलं. गच्चीवर गाद्या पडल्या, भाऊंना जन्माचा सोबती मिळाल्यासारखं झालं. आणि सकाळी चहा पिता पिता पाहुण्यानं सांगितलं, की त्यांच्या गल्लीतले एक शेठ धर्मशाळा बांधताहेत, देखरेखीला भरवशाचा माणूस हवा आहे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्ची मिळेल, दिवाळीनंतर काम सुरू. भाऊंचं नाव त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. या म्हणाला, नुसते या.

आजवर बिकानेरहून कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून जायची भाषा करणं सोपं होतं. आता बोलावणं आलं आणि खटल्याची सगळी शिस्त मोडली. त्या पावसाळ्यात भाऊ बंगईवर बसून बिकानेरची बाजू मांडू लागले, मुढ्यावर बसून तांदळाची स्तुती करू लागले. कधी मधेच उभे राहून दोन्हीकडे पाहत आणि अंगणात निघून जात. गावानं मात्र मनावर घेतलं नाही. चिलीमवाला म्हणाला, "औंदा हार कोन घालते? मागचाच वाळून पडला असन."

मनावर घेतलं ते वहिनींनी. त्यांनी आपली म्हैस भावाकडे नेऊन बांधली. लाखोळीची डाळ, पोहे, कुरड्या, प्रवासाचं सगळं एकेका फडक्यात बांधलं जाऊ लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जाचं असन त जाऊ. पैले बी गेलीच होती न."

मला राहवलं नाही. वचन तर मोडायचं नव्हतं, पण एका संध्याकाळी भाऊंना ओसरीत गाठून म्हटलं, "भाऊ, तुमचं सगळं ऐकलं मी. वहिनींना विचारलंत का, त्यांना कुठं राहायचंय?"

भाऊंना प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "तिले काय इचारायचं? ती कधी नाई म्हणते का?"

आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दिवाळी झाली. वहिनींच्या भावाकडे धान कापणीला आलं होतं, तिथं वहिनींचा हात हवा होता, तेव्हा असं ठरलं की भाऊंनी आधी एकट्यानं जावं, खोल्या पाहाव्यात, कामाला लागावं, आणि बस्तान बसलं की येऊन वहिनींना न्यावं. भाऊ गेले. निरोप घ्यायला या खेपेला ते कुणाकडे गेले नाहीत. स्टेशनवर आम्ही दोघीच होतो. गाडी हलली तेव्हा भाऊ खिडकीतून म्हणाले, "टाक्याची चावी तुळशीपाशी ठेवली आहे," आणि वहिनी म्हणाल्या, "मफलर लावा." एवढंच. त्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. तिथं झाडी दाट आहे, गाडी लगेच दिसेनाशी होते.

पोचल्याचं कार्ड आलं. 'सुखरूप पोचलो. हवा कोरडी.' नंतर काही नाही.

घर एकदम सुनं झालं. मला वाटलं होतं शांततेत बरं वाटेल. संध्याकाळ झाली की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो आणि बोलायला काही सुचायचं नाही. मग एक दिवस वहिनींनीच सुरुवात केली. "तुमाले त्यायनं ते वावटळीचं सांगतलं का? दिवसा दिवे लावले होते तवाचं?" भाऊंनी सांगितलं होतं, पण मी नाही म्हटलं. वहिनींनी सांगितलं, आणि काय सांगितलं! पिवळं होत गेलेलं आभाळ, दारांच्या फटीत चिंध्या कोंबणाऱ्या बायका, पलंगाखाली शिरलेलं कुणाचं तरी वासरू. दुसऱ्या दिवशी गणगौरीच्या मिरवणुकीचं. तिसऱ्या दिवशी जमादार उंटाचं, पार त्याच्या मरणापर्यंत, जिथवर भाऊ कधी गेलेच नव्हते. भाऊंच्या गोष्टीत माप असायचं, भिंत किती जाड आणि विहीर किती खोल. वहिनींच्या गोष्टीत माणसं असायची. वैनगंगेच्या कडेला जे ऐकलं होतं ते आणि हे एकाच गावाचं आहे यावर माझा विश्वास बसेना. विचारायचा धीरही झाला नाही. मनात म्हटलं, बाई स्वतःला तयार करतेय जायला.

पौषातल्या एका संध्याकाळी नागपूरची गाडी शिट्टी देऊन गेली, आणि थोड्या वेळानं अंगणाचं फाटक वाजलं. भाऊ. खांद्यावर वळकटी, गळ्यात मफलर, चेहरा उन्हानं रापलेला. न कळवता आले होते. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की न्यायला आले.

वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं. भाऊ थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. मी उठायला लागले तर वहिनींनी नजरेनं बसवलं. चूल पेटली होती.

"कसं हाय बिकानेर?" वहिनींनी विचारलं.

"तसंच आहे," भाऊ म्हणाले. "खोल्या चांगल्या आहेत, गच्ची मोठी आहे. काम चांगलं चालू आहे. खोकला तर पहिल्याच हप्त्यात गेला. मले वाटलं होतं काही बदललं असन. काहीच नाई बदललं."

"मंग?"

भाऊंनी मफलर काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. "मंग काय. जेवताना मी म्हणो, वा, बिकानेरची हवा म्हणजे हवा! तर ते लोक माह्याकडे पाह्यत राहे. गच्चीवर बसून म्हणो, आभाळ पाहा, तर ते म्हणे, हां, आभाळ आहे. तिथी कोणाले बिकानेरची आठवणच येत नाई. सारे तिथीच राह्यते न! मी कोणापाशी बोलू?"

मला हसू फुटलं ते मी पदरात दाबलं. भाऊ हसत नव्हते.

"शेठ म्हणाले, होळीपर्यंत खोल्या राखून ठेवतो," ते पुढं म्हणाले, "घरच्यांले घेऊन या. येताना गाडीत मी लय विचार केला. इकडून केला, तिकडून केला. मले तर काही ठरवता येत नाई." मग ते थांबले, आणि बायकोकडे न बघता, चुलीतल्या लाकडाकडे बघत म्हणाले, "तू सांग. तुले कुठी राहाचं आहे?"

त्या घरात एवढी वर्षं एवढं बोलणं झालं, पण हा प्रश्न भाऊंनी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. वहिनींनीही पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांचा तव्यावरचा हात तसाच राहिला. पोळीचा वास करपट येऊ लागला तेव्हा त्यांनी ती उतरवली.

"मले बिकानेर लय आवडते," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली.

"तुमी सांगता ते," वहिनी म्हणाल्या. "तिथी होती तवा एक दिवस नाई आवडलं. खरं सांगून राह्यली, रागावू नोका. एक दिवस नाई. पण इथी आलो, अन् तुमी रोज सांगाले लागले, अन् आयकून आयकून मले ते गाव आवडाले लागलं. आता मले तिथी नेऊन ते खराब नोका करू."

मफलर भाऊंच्या हातात तसाच होता. ते किती वर्षं मागं जाऊन काय काय आठवून बघत होते, ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी नाक ओढलं, घसा खाकरला. नागभीडच्या हवेनं खोकला परत आलाच होता.

"बरं," ते म्हणाले. "मग... त्या भुजियावाल्याचं तुले सांगतलं होतं का? राजाच्या माणसाले ज्यानं परत पाठवलं होतं, तो?"

ती गोष्ट मलासुद्धा तोंडपाठ होती. त्या भुजियावाल्याच्या दुकानासमोर तर वहिनी उमेदीची सगळी वर्षं राहिल्या होत्या.

वहिनींनी दुसरी पोळी तव्यावर टाकली.

"नाई," त्या म्हणाल्या. "सांगा."